आक्का, पावट्याचं सांगायचं राहिलं

आक्का, तुमच्या तेराव्याचं जेवून आत्ताच घरी आले. पाय धुतले, पातळसुद्धा बदललं नाही, आणि मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसले. हे दुसऱ्या पाळीला गेलेत, घरात कुणी नाही. यांची एक जुनी वही घेतली आहे आणि पेन्सिल. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, हयात असतात तरी हे वाचलं नसतंत. कदाचित म्हणूनच लिहायचा धीर होतोय. तोंडाने सांगायचं ते दोन वर्षं जमलं नाही.

फार थकले आहे मी. तेरा दिवस तुमच्या घरी पाणी भरलं, वाटण वाटलं, आल्यागेल्याला चहा केला. पण अंग मोडून आलंय ते त्याने नव्हे, काम मला नवीन नाही. एक गोष्ट पोटात ठेवून दोन वर्षं तुमच्यासमोर बसायचं, हसायचं, तुमच्या हातची भाकरी खायची, याने माणूस थकतं. ती गोष्ट आज बाहेर पडली. तुमच्यासमोर नाही, तुमच्या माघारी. कसं झालं ते सांगते. आधी जरा परसात बघू द्या, नाहीतर तुम्हीच म्हणाल, सुमे, रोपांकडं बगितलंस का आज.

वैशाख सरत आलाय. केळीची खालची पानं करपली आहेत, ती कापायची तशीच राहिली. मोरीच्या पाण्यावर अळू मात्र माजलाय. पपईला चार फळं आहेत, त्यांतलं एक कावळ्यांनी फोडलं. मिरचीची रोपं पांघरुणाखाली ठेवली आहेत. कुंपणाची तार उघडी पडली आहे, दोन वर्षं तशीच आहे, आणि तिच्याकडे मी सहसा बघत नाही.

पाच वर्षांपूर्वी याच तारेच्या पलीकडे तुम्ही पहिल्यांदा उभ्या राहिलात. आम्हाला कारखान्याच्या कॉलनीतली ही खोली मिळून तीन महिने झाले होते. पुढे दोन खोल्या, मागे एवढं आवार, आणि स्वतःचा नळ. अलिबागकडच्या बाईला आणखी काय हवं. पहिल्याच महिन्यात मी वांग्याची वीस रोपं लावली आणि आमच्याकडच्या रिवाजाने सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतत राहिले. तिकडची माती तांबडी, भुसभुशीत. घातलेलं पाणी कुठे जातं कळत नाही. इथे रोपं दिवसेंदिवस पिवळी पडत चालली तसं मी आणखी पाणी घालायला लागले. आणि एक दिवस डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी तारेपलीकडून म्हणाली,

"पानी पाजून मारलीस की गं."

"काय?"

"वांगी. बग की, समद्यांनी मान टाकलीया."

मी म्हटलं, रोज दोन वेळा पाणी घालते. तुम्ही म्हणालात, "त्येच म्हनतीया मी. ही काळी हाय बाई. हिला तहान लागली म्हंजी ती सांगती. तंवर गप ऱ्हायाचं." एवढं बोलून भारा खाली टाकलात, फाटकाची कडी काढलीत आणि सरळ आत. एक रोप उपटलंत आणि मूळ माझ्या नाकापाशी धरलंत. कुजलेल्या मुळाचा तो वास मला अजून आठवतो.

मला राग आला होता, आक्का. ओळख ना पाळख, आणि माझ्या परसात येऊन माझंच रोप उपटायचं. मी फटकन म्हणाले, "हे आवार कारखान्याचं आहे. असं कुणी आत येऊ नये."

तुम्ही पदराने हात पुसलेत आणि हसलात. "कारखान्याचं हाय व्हय? बरं झालं सांगितलंस. आन ही तुजी मोरी हाय न्हवं, तितं आमचा बांध व्हता."

मग कळलं. पवना नदीपासून वर चढत आलेली तुमची जमीन कारखान्याला गेली होती. तुमच्या रामभाऊला त्याबदली गेटावर नोकरी लागली होती, आणि तुम्ही तिघं, तुम्ही, रामभाऊ आणि सून यमुना, गावठाणातल्या एका खोलीत राहत होतात. खोलीला मागचं दार नव्हतं. दाराशी एक तुळस होती तेवढी, तीही फुटक्या घागरीत. कधीतरी मी विचारलं, आक्का, जमीन गेली तेव्हा फार रडला असाल. तुम्ही म्हणालात, "रडायला येळ कुटं व्हता? म्हशीला वैरन कोन घालनार व्हतं?" तुमचं सगळं असंच. दुःख विचारलं की म्हैस पुढे करायची.

मला कधी कधी वाटायचं, तुम्ही माझ्याकडे येता की तुमच्या जमिनीकडे? एकदा भांडणात मी तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, "दोगींकडं." मला ते उत्तर तेव्हा फारसं आवडलं नव्हतं. आज आवडतंय, आता काय उपयोग.

भांडणं मात्र आपण मनापासून केली. माझा अळू तुम्हाला सोसायचा नाही. "ह्ये गुरं बी खात न्हाईत," म्हणायचात. मग एका श्रावणात अळूवड्या खाल्ल्यात, आणि जाताना पदराखाली चार पानं नेलीत, मला दिसू नये अशा बेताने. मला दिसली होती. केळीचे किती फुटवे ठेवायचे यावर तर आपण दोन दिवस बोलत नव्हतो. आणि तुमचे ते पावटे. पांढरे, थोराड, एका कडेला तांबडी रेघ असलेले. तुम्ही त्यांना पावटा म्हणायचात आणि मी वाल. वाल असे नसतात हे मलाही कळत होतं, पण तुम्हाला चिडवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. "वाल तुमच्या दर्यात उगवत आसत्याल," तुम्ही म्हणायचात, "ह्यो माज्या आयचा पावटा हाय."

खरंच तो तुमच्या आईचा होता. चाकणच्या पुढे तुमचं माहेर, तिथून लग्नात ओटीतून आणलेलं बी. आधी बांधावर लावायचात. बांध गेला तेव्हा शेवटचं मूठभर बी राहिलं होतं, आणि पावट्याचं बी फार दिवस ठेवून चालत नाही, दर साल पेरायला लागतं, नाहीतर ते उगवणंच विसरतं असं तुमचं म्हणणं. माझ्याकडे यायला लागल्यावर पहिल्याच मृगाला तुम्ही विचारलंत, या तारेकडेला लावू का चार दाणे? तुम्ही माझ्याकडे काही मागितलंत ते तेवढंच. मी हो म्हटलं. थंडीत तार दिसेनाशी झाली, जांभळी फुलं, वर मधमाश्या. कॉलनीचा कारकून येऊन म्हणाला, वेलाने कुंपण खराब होतं. तुम्ही त्याला ओंजळभर शेंगा दिल्यात आणि विचारलंत, घरी मानसं किती? तो पुन्हा कधी आला नाही.

शेंगांची भाजी आपण भरपूर खाल्ली, पण प्रत्येक वेलाच्या बुडाच्या शेंगा तुम्ही राखायचात. त्यांना चिंधी बांधायचात आणि मला बजावायचात, चिंधीला हात लावायचा न्हाई. त्या वेलावरच वाळायच्या. मग माझ्या अंगणात उन्हं द्यायची, दाणे निवडायचे, आणि गोवऱ्यांच्या चाळलेल्या राखेत घोळवून डब्यात भरायचे, म्हणजे भुंगा लागत नाही. हे सगळं तुम्ही इतकं सावकाश करायचात की मला जांभया यायच्या.

आणि तुमचा हात. हे मला इथेच पहिल्यांदा कळलं. मृगाच्या आधी गावठाणातल्या बाया आपापलं बियाणं सुपात घेऊन तुमच्याकडे यायच्या. ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या त्याही यायच्या, परसात लावायच्या भोपळ्याच्या चार बिया घेऊन का होईना. तुम्ही नुसता हात फिरवायचात त्या बियांवरून. तुमच्या हाताचं उगवतं असं सगळ्या धरून चालल्या होत्या. मी यावर हसायचे. तुम्ही म्हणायचात, "हास तू. पर लाव हात लावून." आणि मी तुमचा हात लावून घेतल्याशिवाय या मातीत मेथीसुद्धा टाकली नाही. तुमचं काय गेलं होतं ते मी मोजत बसले नाही, पण एवढं होतं तुमच्यापाशी. जमीन नव्हती, विहीर नव्हती. हात होता.

तोच मी तुमच्याकडून घेतला.

आता सांगते. दुसऱ्या सालचं बी तुम्ही माझ्या घरी ठेवलंत. तुमच्या खोलीत उंदीर झाले होते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात राख आणि राखेत दाणे. मी म्हटलं, "कोकणातल्या बाईच्या घरी वाल ठेवताय आक्का, विचार करा." आपण दोघी हसलो होतो.

चैत्रात माझा भाऊ आईला घेऊन आला. विषमज्वरातून उठलेली आई. तिला मी ओळखलंच नाही पहिल्यांदा, एवढी वाळली होती. तुम्ही तेव्हा भावाकडे माहेरी गेला होतात, पंधरा-वीस दिवस. आई काही खाईना. पेज घेतली की दोन घोट, भात पुढे सरकवायची. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर ताकद कशी येणार. आठव्या की नवव्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सुमे, इथे वाल मिळतात का गं? बिरडं खावंसं वाटतंय."

आजारपणातून उठून तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी यांना जवळच्या कॅम्पातल्या दुकानांमध्ये पाठवलं, तिथे मूग होते, मटकी होती, वाल नव्हते. आठवड्याच्या बाजाराला चार दिवस होते. पुण्याला जाऊन आणता आले असते, हेही खरं. यांची सुट्टी रविवारी होती, थांबता आलं असतं. हे मी सगळं सांगते आहे कारण गेली दोन वर्षं मीच मला हे सांगत आले आहे, आणि त्यातलं एकही चालत नाही. फळीवर डबा होता आणि मी तो काढला.

चार मुठी घ्यायच्या आणि बाकीचं बी ठेवायचं, असं ठरवलं होतं. राखेतून दाणे निवडायला सगळा डबा सुपात ओतला, चाळला. राख जमिनीवर पडली ती मी झाडून भांडी घासायच्या राखेत टाकली, सवयीने. चार मुठींच्या सहा झाल्या. उरलेले दाणे तसेच कोरडे डब्यात टाकले आणि झाकण लावलं. मनात म्हटलं, उद्या गोवऱ्या जाळून राख करते. आमच्या शेगडीत कोळसा, गोवऱ्या आणायला हव्या होत्या. ते उद्या झालंच नाही.

भिजवलेले दाणे फडक्यात बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी सोडलं तर एकूण एक दाण्याला मोड आला होता, आक्का. एकही दाणा वांझ निघाला नाही. तुमच्या हाताचं असं उगवलेलं बी मी मांडीवर घेतलं आणि एकेक दाणा सोलला. तेव्हाही मला थांबता आलं असतं, मोड आलेले दाणे तारेकडेला टोचता आले असते. चैत्रातलं ऊन होतं पण नळ होता. माझ्या डोक्यात आलंसुद्धा होतं. आत आई कण्हत होती, आणि मी सोलत राहिले.

भावाने घरचे नारळ आणले होते. आमसूल घातलं, गूळ घातला. आई उठून बसली. स्वतःच्या हाताने जेवली. दोनदा मागून घेतलं. मला तिला जेवताना बघून रडू आलं. त्या दिवशी मी सुखात होते, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. आणि तुम्हाला ठाऊकच आहे, त्या आश्विनात आई गेली. माझ्या हातचं ती पोटभर जेवली ती शेवटची. म्हणून मला नीट पस्तावाही करता येत नाही. बिरड्याचा विचार आला की आधी आई आठवते आणि लगेच तुम्ही.

भाऊ आईला घेऊन गेला. तुम्ही परत आलात. डबा माझ्या डोक्यातून पार गेला होता. मृग आठ दिवसांवर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, उद्या बी काढू. त्या दुपारी मी डबा उघडला. राखेवाचून भुंग्याला रान मोकळं होतं. दाणे नव्हतेच, पीठ होतं, आणि पिठात वळवळ. उरलेसुरले दाणे हातात घेतले तर आरपार भोकं.

मग मी काय केलं ते ऐका. भांडी घासायच्या खोक्यातली राख, जी तुमचीच होती, ती मूठ मूठ काढून त्या डब्यात घातली. हलवली. त्यात काथ्याचे दोन-तीन धागे होते तेही वेचून काढले. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा डबा तुमच्या पुढे ठेवला, आणि तुमच्या आधी मीच उघडल्यासारखं केलं, आणि "अगोबाई" म्हटलं. इतकं सुंदर म्हटलं की माझंच मला आश्चर्य वाटलं.

तुम्ही बराच वेळ डब्यात बघत होतात. राख बोटांत चोळलीत. एक दाणा उन्हाकडे धरलात. मला वाटलं, आता माझ्याकडे बघणार. तुम्ही नाही बघितलंत. तुम्ही म्हणालात,

"वाळवान कमी पडलं. हात चुकला माजा."

मी म्हटलं, असं कसं होईल आक्का, एखादे वेळी होतं. तुम्ही म्हणालात, "यकदा बी झालं न्हवतं. आयच्या हातनं बी न्हाई, माज्या बी न्हाई." मग पदर डोक्यावर घेतलात आणि डबा तिथेच ठेवून गेलात. चहा ठेवला होता, तो घेतला नाहीत.

तुम्ही माहेरी निरोप धाडलात. तुमच्या भावाने पावटा केव्हाच सोडला होता, तो बटाटा लावत होता. कुणाकडेच ते बी नव्हतं. हे मला यमुनेने सांगितलं, तुम्ही काही बोलला नाहीत.

आणि मृगाच्या आदल्या दिवशी बाया सुपं घेऊन आल्या. मी तिथे होते, तुमच्या ओट्यावर. तुम्ही दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतलेत आणि म्हणालात, "माजा हात नगं आता. दुसऱ्या कुनाचा लावा." त्या आधी हसल्या, मग विनवायला लागल्या, मग गेल्या. मला वाटलं होतं, बी जाईल. बी गेल्याचं मी सहन केलं असतं. पण तुम्ही स्वतःवरचा भरवसाच काढून घ्याल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच ओट्यावर मी एक वाक्य बोलायला हवं होतं. सगळ्या बाया होत्या, मला लाज वाटली. उद्या एकटीला सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी बिरड्याबरोबर राखेचंही सांगावं लागणार होतं, त्या "अगोबाई"चंही. मग आठवडा गेला. महिन्याने सांगितलं तर महिनाभर का नाही सांगितलंस हा प्रश्न होताच. दर दिवशी ते सांगणं थोडं आणखी जड होत गेलं.

तुम्ही येत राहिलात. पायरीवर बसायचात, याच पायरीवर. पण आधी मिरचीला कीड लागली तर आत येऊन मला शिव्या घालायचात, आता नुसतं म्हणायचात, "मला काय कळतंय, तुजं तू बग." आक्का, मी त्या शिव्यांची वाट बघायचे. मुद्दाम चुका करून बघितल्या. एकदा तुमच्या डोळ्यांदेखत वांग्यांना बादली ओतली. तुम्ही बघितलंत आणि तोंड फिरवलंत.

तुमच्या पायांना सूज आली, दम लागायला लागला, तेव्हा मी रोज येत होते. यमुनेला वाटलं, केवढी माया आहे या बाईला. होतीच माया. पण रोज येताना मी ठरवून यायचे की आज सांगायचं, आणि रोज तुमचे पाय चेपून परत जायचे. शेवटच्या आठवड्यात यमुनेने भोपळ्याच्या बिया वाटीत आणल्या. म्हणाली, "आत्याबाई, यकदाच हात लावा. दारात लावती." तुम्ही हात गोधडीखाली ओढून घेतलात. "नगं गं. वाया जातील." माझं तोंड उघडलं होतं, शब्द जिभेवर होता. आणि मी काय म्हटलं? "आक्का, लावा ना हात." बस, एवढंच.

तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. "तू म्हनतीस व्हय? तुज्याच घरी तर चुकला त्यो." टोमणा नव्हता तो. तुम्हाला टोमणा मारायचा असता तर तुम्ही चांगला खणखणीत मारला असतात. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

आता आजचं. जेवणाच्या पंक्ती उठल्यावर आम्ही दहा-बारा बाया मागे राहिलो होतो, चुलीपाशी. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीचा हात लई गुनाचा. पर शेवटाला गेला त्यो." दुसरी म्हणाली, "व्हय की. आयचा पावटा सुदिक ऱ्हायला न्हाई तिच्याकडनं."

पळी माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली आणि म्हटलं, "त्यांचा हात गेला नव्हता. तो पावटा मी माझ्या आजारी आईला शिजवून घातला. राख मी काढली म्हणून उरलेला किडला, आणि मीच राख परत घालून त्यांना दाखवला." एका दमात म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

एकीने पदर तोंडाला लावला. यमुना भांडी गोळा करत होती, ती थांबली. "मंग तवा का न्हाई सांगितलंस?" तिने विचारलं. लाज वाटली, असं म्हणणार होते, पण त्या चुलीपाशी ते फार हलकं वाटलं. बाया एकेक करून उठल्या. मला वाटलं, आता या घराची पायरी मला बंद. मी तशीच भांडी घासायला बसले, दुसरं काय करणार.

थोड्या वेळाने यमुना येऊन शेजारी बसली. पातेलं ओढून घेतलं आणि घासायला लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आयनं खाल्लं का पोटभर?"

मी म्हटलं, "हो. दोनदा मागून घेतलं."

"मंग आत्याबाई काय बी बोलल्या नसत्या. त्यांनी बी ह्येच इचारलं असतं."

आक्का, ती शिव्या देती तर मला बरं वाटलं असतं. कारण तिचं खरं आहे. तुम्ही आधी माझा उद्धार केला असतात, चार पिढ्यांसकट, कॉलनीभर ऐकू जाईल असा. मग पायरीवर बसून विचारलं असतंत, आय पोटभर जेवली का? आणि दुसऱ्या दिवशी त्या बायांच्या सुपांवरून पहिल्यासारखा हात फिरवला असतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पाच वर्षं तुम्हाला बघत होते, मला माहीतच होतं. तरी मी भ्याले, आणि तुम्ही दोन पावसाळे आपले हात पदरात लपवून काढलेत.

तुमचा हात चुकला नव्हता. हे वाक्य आज दहा-बारा बायांना सांगून आले, आक्का. तुम्ही तेवढ्या त्यांत नव्हतात.